दीड मिनिट

आधी संशय कुलपावर गेला.
साहजिकच आहे. नकाशे लोकांचे, भांडणंही लोकांची,
म्हणून आमच्या मोजणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची
अख्खी डिस्क कुलूपबंद.
रोज साडेनऊला परवलीचा शब्द टाकायचा,
रोमन लिपीत, कारण त्या वेळी
देवनागरी अजून उठलेली नसते.

शब्द बरोबर. कुलूप उघडतं. आणि मग
काळ्या पडद्यावर तीन लाल चांदण्या
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
रात्रपाळीच्या वॉचमनसारख्या.
दीड मिनिट.

दीड मिनिटात एरंडवण्यात बरंच काही होतं.
खालचा झेरॉक्सवाला शटर वर ढकलतो,
ते अर्ध्यात अडकतं, तो शिवी देतो.
नळ स्टॉपचा सिग्नल सुटतो, पुन्हा लागतो.
दोन वर्षं खिडकीत उभी राहून
मी हे सगळं पाठ केलं.

तपकीर गल्लीतला म्हणाला, कुलूप म्हटलं की वेळ लागणारच, ताई.
नवी डिस्क टाका. सव्वीसशे.
मी म्हटलं, बघते.
पुण्यात याचा अर्थ नाही असा होतो.

मग झुबेर तांबोळी आला,
कोंढव्याहून दोन बस बदलून, कामाचा चौथाच दिवस.
त्यानं थेट मशीनलाच विचारलं,
कुणी किती वेळ खाल्ला, हिशेब दे.
यादी आली. कुलूप तीन सेकंद.
प्लॉटर चार, नेटवर्क दोन, बाकी चिल्लर.
बेरीज अकरा.
मग नव्वद गेली कुठं?
झुबेर म्हणाला, मॅडम, ही उशिरा आलेल्यांची यादी.
जो आलाच नाही, तो यात कसा असेल?

मशीनची रोजनिशी उघडली.
बत्तीस अक्षरांचं नाव, मध्ये चार आडव्या रेघा,
आणि दर तारखेला तेच:
वाट पाहिली. आला नाही. मुदत संपली.

ती डिस्क ढमढेऱ्यांची.
भुकूमच्या एका बांधावरून आमचं बिनसलं.
बांध दोघांपैकी कुणाचाच नव्हता.
स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, स्वतःची डिस्क काढली,
स्वतःची खुर्ची नेली,
जाताना चार स्क्रूंपैकी तीनच परत लावले.
चौथ्याचं भोक अजून आहे.
आम्ही पाटीवरचं नाव रंगवून टाकलं,
बँकेतली सही बदलली, लेटरहेड रद्दीत घातली.
मशीनला कुणी सांगितलंच नाही.

नाव दोन वह्यांत होतं,
एक कुलपांची, एक जागांची.
झुबेर खोडायला निघाला तसा मी त्याचा हात धरला.
बावीस वर्षं सात-बारे वाचतेय मी.
तिथं गेलेल्याचं नाव पुसत नाहीत, कंसात घालतात.
नाव दिसतं. हक्क उरत नाही.
तुझ्या या वहीत अशी काही सोय?
आहे ना, म्हणाला,
आणि ओळीच्या आधी काढली
फुली-गोळ्याच्या खेळाची रिकामी चौकट,
दोन उभ्या, दोन आडव्या रेघा.
हे दिसलं की मशीन ओळ सोडून पुढं जातं.

दोन्ही वह्यांत चौकटी घातल्या.
उठताना मशीन जे गाठोडं सोबत घेतं
ते पुन्हा बांधायला लावलं.
बंद केलं. चालू केलं.
शब्द. कुलूप. चांदण्या उगवल्याच नाहीत.
अकरा सेकंद.
झुबेरनं टाळीसाठी हात पुढं केला. दिली.

आता साडेनऊला मशीन तयार असतं,
मी नसते.
खाली शटर अडकल्याचा आवाज येतो,
शिवीपर्यंत थांबता येत नाही,
कुणाच्या तरी हद्दीचा नकाशा समोर उघडलेला असतो.

परवलीचा शब्द तेवढा जुनाच आहे.
ढमढेऱ्यांनी ठेवलेला. त्यात एका अक्षराची चूक आहे,
ती मी रोज न चुकता करते.
झुबेर म्हणतो, तोही बदलून टाकू.
मी म्हटलं, बघते.